बिनफौजेचा वकील

दुबईच्या एका सरकारी इस्पितळात बायकांच्या सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज होती सिस्टर कुंदा लोपीस. तिचा सख्खा धाकटा भाऊ पोपचा राजदूत होता. यातली पहिली गोष्ट झाडूवाल्यापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत होती. दुसरी जवळजवळ कुणालाच नव्हती.

लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. उलट, सांगायला तिची जीभ रोज शिवशिवायची. वसईजवळच्या भुईगावातलं केळीच्या वाडीतलं पोर, बस्त्याव तुस्कानो त्याचं नाव. ते आधी पाद्री व्हायला गोरेगावच्या सेमिनरीत गेलं, तिथून रोमला गेलं आणि पोपच्या वकिलातीसाठी माणसं तयार करणाऱ्या शाळेत निवडलं गेलं. रोममध्ये सगळ्यांना आडनावावरून तो टस्कनीचा, इटलीतल्या द्राक्षांच्या मुलखातला वाटायचा. तो सांगायचा, "हो, पण आमच्या टस्कनीत द्राक्षं नाहीत, केळी पिकतात."

वडिलांना हे खातं काय आहे ते कळायला वेळ लागला. त्यांना लहानपणापासून बखरी वाचायचा नाद. पोराचं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पेशव्यांच्या दरबारात निजामाचा वकील असायचा, तसा तू पोपचा वकील होणार. पण वकिलाच्या मागे फौज असते रे. तुझ्या मागे कोण?"

"शंभरएक शिपाई आहेत, बाबा. रोमला. भाले घेऊन दारात उभे असतात."

"भाले?" म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

पहिल्या नेमणुकीवर निघताना बस्त्यावनं बहिणीला बाजूला घेतलं. "बाय, एक सांगतो. माझ्या नावानं कुणासाठी शब्द टाकू नकोस. आज एकाचं काम केलं की उद्या दहा जण येतील, आणि मग मी वकील राहणार नाही, वशिला होईन."

कुंदानं ते मनावर घेतलं, आणि मग त्याचाच तिला ताठा वाटू लागला. गावाकडून निरोप यायचे, कुणाच्या पोराला इटलीचा व्हिसा हवा, कुणाच्या भाच्याला रोमच्या कॉलेजात जागा हवी. ती सरळ सांगायची, "त्याला विचारणार नाही. मलाच हवं असतं तरी विचारलं नसतं." लोक तिला शिष्ट म्हणायचे. म्हणोत. दुबईत तर तिनं भावाचा विषयच काढला नाही. नवरा गेल्यावर तिनं सगळा जीव वॉर्डात ओतला होता, आणि तिला तिच्या कामानं ओळखावं असं वाटायचं.

दोन माणसांना मात्र ठाऊक होतं. बर दुबईत मीना बाजारच्या मागच्या गल्लीत गोपीनाथ आणि शालिनी यांची खानावळ होती. ती दोघं राहायची कुंदाच्याच मजल्यावर. कुवेतचं युद्ध संपल्यावर बस्त्यावची तिथल्या पोपच्या कचेरीत नेमणूक झाली, आणि कामानिमित्त त्याच्या दुबईला फेऱ्या होऊ लागल्या. चर्चमधलं काम आटपलं की तो साधा काळा शर्ट घालून खानावळीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा आणि सुरमईच्या कालवणात भात कालवून जेवायचा. गोपीनाथला पहिले दोन महिने वाटलं, हा एखाद्या बँकेतला ऑफिसर असणार. खरं कळलं तेव्हा तो पळीसकट बाहेर आला. "अहो फादर, आधी सांगायचं ना! मी तुम्हाला शेपटीचा तुकडा वाढत होतो!"

"शेपटीचाच बरा," बस्त्याव म्हणाला. "मधला तुकडा मिळायला लागला की माणसाला सवय लागते."

कुवेतमध्ये तो अरबी शिकला. पुढे त्याला आर्चबिशप करून पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात पोपचा राजदूत म्हणून पाठवलं. राजदूताला नावापुरता एखादा जुना धर्मप्रांत देतात. बस्त्यावला जे गाव मिळालं ते कित्येक शतकांपूर्वीच वाळूखाली गेलं होतं. कुंदाला हे फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "गाव नाही आणि पाटीलकी!" पण फोन ठेवल्यावर ती गॅलरीत गेली, खालून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत उभी राहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "आर्चबिशप तुस्कानो." वडील तेव्हा हयात नव्हते. नाहीतर त्यांनी अख्ख्या भुईगावाला बोलावून सांगितलं असतं.

त्या देशात यादवी चालू होती. अर्धा देश सरकारकडे, अर्धा बंडखोरांकडे. बस्त्याव त्याबद्दल फोनवर काही बोलायचा नाही. "कसा आहेस?" म्हटलं की "पाऊस फार आहे," एवढंच.

कुंदाच्या वॉर्डात बिलकीस परकार नावाची नर्स होती. राजापूरची, गोड गळ्याची, बोलायला लागली की कोकणातल्या नदीसारखी वाहणारी. तिचा नवरा तय्यब मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. एका सकाळी बिलकीस ड्यूटीवर आली ती भिंत धरूनच. जहाज एका नदीच्या मुखाशी माल उतरवत असताना बंडखोरांनी ताब्यात घेतलं होतं. सगळ्या खलाशांना उचलून आत जंगलात नेलं होतं. कंपनी म्हणत होती प्रयत्न चालू आहेत, वकिलात म्हणत होती प्रयत्न चालू आहेत.

"कुठल्या देशात?" कुंदानं विचारलं.

बिलकीसनं नाव सांगितलं.

कुंदाच्या हातातला ट्रे हातातच राहिला. तिनं तो खाली ठेवला. बिलकीसला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, तिचे पेशंट दुसरीकडे वाटून दिले आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तो देश एवढा मोठा, तिथं माणसं एवढी, आणि नेमका आपलाच भाऊ तिथं. हे फक्त आपल्यालाच माहीत. सांगितलं नाही तर कुणालाही कळणार नाही. आणि सांगितलं तर? आजवर सांभाळलेलं सगळं एका फोनसरशी खलास. शिवाय तिथं गोळ्या चालतात. दुसऱ्या कुणासाठी मागायचं, तेही भावाचा जीव धोक्यात घालून.

आठवडाभर ती गप्प राहिली. बिलकीस रोज कामावर येत होती, कारण घरी बसवत नव्हतं. कामात ती कुठं चुकत नसे, पण जेवणाचा डबा ती न उघडताच परत नेई. एक दिवस डबा परत जाताना कुंदानं पाहिला आणि तिला स्वतःची लाज वाटली. आपण जपतोय ते भावाचं तत्त्व की आपला ताठा?

त्या संध्याकाळी तिनं शालिनीला सगळं सांगितलं. शालिनी चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "कुंदाताई, तुम्ही वशिला कुठं लावताय? आग लागली तर बंबवाल्याला फोन करायचा नाही, कारण तो आपला भाऊ आहे?"

कुंदा तडक घरी गेली आणि फोन लावला. पलीकडे आधी एक फ्रेंच बोलणारी बाई, मग खडखड, मग बस्त्याव.

"बाय? सगळं ठीक?"

"मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आज मागतेय." आणि तिनं सांगितलं.

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "नवऱ्याचं पूर्ण नाव सांग. गाव कुठलं?"

"तय्यब परकार. राजापूर."

"म्हणजे मराठी बोलतो."

"म्हणजे काय! माझ्यापेक्षा चांगलं."

"बरं. आता पुन्हा फोन करू नकोस. आणि बिलकीसला काही सांगू नकोस. आशा लावणं सोपं असतं, बाय, ती सांभाळणं अवघड."

त्यानंतर काहीच नाही. दिवस गेले. कुंदा ड्यूटी संपली की औद मेथाच्या चर्चमध्ये जाऊन बसायची. प्रार्थनेचे शब्द ओठांवर असायचे, पण मनात एकच, त्याला हे सांगायला नको होतं.

आणि मग एका दुपारी बिलकीस वॉर्डात धावत आली. सिस्टर इन्चार्जसमोर धावायचं नाही, हा नियम तिला आठवला नाही. "सोडलं! सगळ्यांना सोडलं! तय्यबचा फोन आला, आवाज ऐकला मी त्याचा!" बायकांचा अख्खा वॉर्ड उठून बसला. ज्यांना भाषा कळत नव्हती त्यांनाही कळलं. एका फिलिपिनो पोरीनं बिलकीसला मिठी मारली, वाळवंटातल्या एका बदू म्हातारीनं जीभ हलवत आनंदाची किंकाळी फोडली. कुंदाच्या डोळ्यांना धार लागली. पण तिच्या फोनची घंटा वाजली नव्हती.

तय्यब दुबईला उतरला तो हाडं आणि दाढी घेऊनच. दोन दिवस तो नुसता झोपून होता. मग कुंदा त्यांच्या घरी गेली. त्यानं तिला पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही त्यांच्या बहीण ना?"

बिलकीस दोघांकडे बघत राहिली. "कुणाच्या?"

मग तय्यबनं सांगितलं. त्यांना नदीकाठच्या एका जुन्या लाकूड-गिरणीत ठेवलं होतं. एके दिवशी पांढरं फडकं लावलेली होडी आली. त्यात एक होडीवाला आणि एक काळासावळा, चष्मेवाला माणूस, गळ्यात क्रूस. बंदूक नाही, सोबत शिपाई नाही. बंडखोरांच्या कमांडरनं त्याला बसायलाही सांगितलं नाही. तो आपणहून एका ओंडक्यावर बसला.

कमांडरनं विचारलं, "कुठल्या सरकारचा तू?"

"पोपचा."

"फौज किती?"

"शंभरएक. भाले असतात त्यांच्याकडे."

कमांडरची माणसं खो खो हसली. कमांडर म्हणाला, "मग मी तुला का घाबरू?"

"घाबरू नयेस म्हणूनच असा आलोय," तो माणूस म्हणाला. "ज्याची भीती वाटते त्याच्याशी तू बोलणार नाहीस. माझ्याशी बोलायला तुला काय हरकत आहे?"

"आणि मग तो बसूनच राहिला, ताई," तय्यब म्हणाला. "सकाळ झाली, दुपार झाली, तो बसलेलाच. त्यांच्यात बसून जेवला. कमांडरच्या आईची चौकशी केली. मध्येच आमच्याकडे आला आणि मराठीत म्हणाला, 'तय्यबभाऊ, बिलकीसच्या वॉर्डातल्या कुंदाचा भाऊ मी. रडू नका, ते बघतायत.' पहारेकऱ्याला वाटलं, दुवा म्हणतोय. माझ्या छातीत काय झालं ते मला सांगता येत नाही. त्या जंगलात, मराठी!"

कमांडरची अडचण निराळी होती. त्याची बरीच जखमी पोरं झोपड्यांत सडत होती. सरकारी हद्दीतल्या मिशनच्या इस्पितळात नेली तर अटक होईल, गोळी घालतील, ही भीती. आर्चबिशपनं शब्द दिला, त्यांना कुणी हात लावणार नाही. कमांडर म्हणाला, शब्दाला तारण काय? तो म्हणाला, "मी. खलाशी आणि तुझी जखमी पोरं एकाच होडीतून जाऊ देत. पोरं इस्पितळात बरी झाल्याचा निरोप येईपर्यंत मी इथंच बसतो."

"मग?" कुंदानं विचारलं.

तय्यबनं मान खाली घातली. "आम्ही निघालो तेव्हा ते तिथंच होते, ताई. ओंडक्यावर. हात हलवत होते."

कुंदा कशी घरी आली ते तिला आठवलं नाही. गोपीनाथनं खानावळ नोकरांवर सोडली आणि टीव्हीसमोर ठाण मांडलं. त्याची मुलगी पर्णिका शाळेतून आली की विचारायची, "एनी न्यूज, पप्पा?" शालिनी कुंदाला एकटीला सोडत नव्हती. बिलकीस रोज यायची, नमाजाची चटई घेऊनच. कुंदाच्या हॉलमध्ये येशूच्या तसबिरीखाली ती नमाज पढायची आणि शेजारी खुर्चीत कुंदा माळ जपायची.

एका शुक्रवारी सकाळी फोन वाजला.

"बाय, मी बोलतोय."

ती ओरडलीच. "मेल्या! कुठं आहेस?"

"इस्पितळात. मलेरिया झालाय. नर्सबाई फार कडक आहे, तुझ्यासारखी." मग म्हणाला, "जखमींपैकी एकही दगावला नाही."

पण गोष्ट तिथं सुटली नाही. तिथल्या सरकारला राग आला. पोपचा राजदूत परस्पर बंडखोरांशी बोलतो, त्यांच्या माणसांना औषध देतो, म्हणजे काय? त्यांनी रोमकडे तक्रार केली. थोड्याच महिन्यांत बस्त्यावला परत बोलावलं गेलं आणि रोममधल्या एका लहानशा खात्यात बसवलं गेलं, जिथं जुने करार नीट लावून ठेवण्यापलीकडे काम नव्हतं. भुईगावचा एक फादर दुबईवरून जाताना कुंदाकडे चहाला आला होता. तो हळहळून म्हणाला, "फार पुढं गेले असते हो. पण आता संपलं."

कुंदानं चहाचा कप खाली ठेवला. "फादर," ती म्हणाली, "एका होडीभर माणसं घरी पोचली. याला संपलं म्हणत असतील तर म्हणू देत." तो फादर गेल्यावर ती रडली. मात्र दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेली ती मान ताठ ठेवून. आता बिलकीसनं गोष्ट सगळीकडे केली होती. डॉक्टर लोक थांबून विचारायचे. कुंदा सांगायची. पहिल्यांदाच मन भरून सांगायची.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एक दिवस बातमी आली की त्या देशात दोन्ही बाजू दमल्यात, बोलणी करायची आहेत, पण मध्यस्थ कोण? सरकारनं नावं सुचवली ती बंडखोरांना पटेनात, त्यांनी सुचवली ती सरकारला. शेवटी कमांडरनं एक नाव सांगितलं. सरकारच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. बस्त्याव तुस्कानो त्यांच्याशीही कधी खोटं बोललेला त्यांना आठवत नव्हता. ज्यांनी त्याला घालवलं, त्यांनीच रोमला विनंती केली, त्याला पाठवा.

तो गेला. पुन्हा बसला. या वेळी ओंडक्याऐवजी लांबलचक टेबल होतं, आणि वर्षभराहून जास्त काळ तो दोन्ही बाजूंच्या मधोमध बसून राहिला. शेवटी सह्या झाल्या. बंदुका खाली ठेवल्या गेल्या.

आणि दोन हजार तीनच्या सुमाराला पोपनं नव्या कार्डिनलांची, म्हणजे पोपच्या खालोखालच्या मानकऱ्यांची नावं जाहीर केली तेव्हा त्यांत आर्चबिशप सेबॅस्टियन तुस्कानो, म्हणजे आपला बस्त्याव, हे नाव होतं. कुंदा एका पेशंटचं ड्रेसिंग बदलत होती. पर्णिकानं इस्पितळाच्या फोनवर फोन केला. "आंटी! युअर ब्रदर इज ऑन टीव्ही! ही इज अ कार्डिनल!" कुंदा म्हणाली, "थांब, पट्टी अर्धी राहिलीय." पट्टी पूर्ण केली, हात धुतले, आणि मग कॉरिडॉरमध्ये येऊन बिलकीसच्या गळ्यात पडली. संध्याकाळी गोपीनाथनं खानावळीत येईल त्याला पेढे वाटले. बाहेर पाटीच्या खाली त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं, आमच्या दुबईचे कार्डिनल. कुंदा म्हणाली, "अहो, तो भुईगावचा आहे." गोपीनाथ म्हणाला, "सुरमई कुठं खायचा?"

पुढच्या हिवाळ्यात बस्त्याव गावी जाताना दुबईत थांबला. शुक्रवारच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, चर्चच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. मल्याळी, गोवेकर, फिलिपिनो, लेबनीज, आणि मधेमधे वसईची माणसं. तय्यब आणि बिलकीस दोघंही येऊन बाजूला उभी होती. कार्डिनल लाल टोपीत वेदीवर आला, इंग्रजीत बोलला, अरबीत बोलला, आणि मग मराठीत म्हणाला, "माझ्या गावच्या माणसांनो, बरं आहे ना?" वसईकरांनी अशी आरोळी ठोकली की लेबनीज मंडळी दचकली.

घरी परतल्यावर कुंदानं त्याला विचारलंच. "मी फोन केला नसता तर तुझी ती मधली वर्षं वाया गेली नसती ना?"

"तू फोन केलास तेव्हा मी नदीपलीकडे जायची परवानगी मागत बसलो होतो," तो म्हणाला. "कितीतरी दिवस. रोमकडे, सरकारकडे. नियम पाळणारा माणूस आहे मी. आणि जिनं जन्मात काही मागितलं नाही, ती मागायला लागली. तेव्हा कळलं, आता नियमाला चिकटून परवानगीची वाट बघणारा मी एकटाच उरलोय. फोन ठेवला आणि होडीवाल्याला बोलावलं." मग तो हसला. "आणि वाया काय गेलं? जुने करार वाचले मी त्या वर्षांत. तेच पुढं कामाला आले."

निघायच्या दिवशी त्यानं हट्ट धरला की बहिणीचा वॉर्ड बघायचाय. साधा काळा झगा घालून तो तिच्यामागून खाटांमधून चालत गेला. कोपऱ्यात एक अमिराती म्हातारी होती, कमरेचं ऑपरेशन झालेली, जिभेनं फटकळ. तिनं कुंदाला अरबीत विचारलं, "हा कोण?"

कुंदाकडे वॉर्डापुरतं अरबी होतं. कार्डिनलला काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. ती म्हणाली, "माझा भाऊ. लोकांची भांडणं मिटवतो. मोठ्या देशांची."

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझे दोन मुलगे खजुराच्या बागेवरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. याला म्हणावं, बस."

कार्डिनल तुस्कानोनं आजूबाजूला पाहिलं, एक स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसून अरबीत विचारलं, "मोठा कोण, आणि बाग कुणी लावली?"

गोपीनाथ खाली गाडी घेऊन थांबला होता, विमानाची वेळ होत आली होती. कुंदानं त्याला निरोप पाठवला की थोडा वेळ लागेल. मग ती आपल्या राउंडला निघाली आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून, न विचारता, सांगत गेली, "तो बसलाय ना तिकडे, तो माझा भाऊ."